सीमेवरची शुगर आणि स्टॅटिनची गोळी: अटोर्वा, रोसुवा, पिटावा यांचा रोखठोक हिशेब

उपाशीपोटी शुगर ११२, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८. असा रिपोर्ट बघितला की डॉक्टर बहुतेक वेळा अटोर्वास्टॅटिन १० लिहून देतात, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ जातीतली गोळी. बेळगावच्या खडेबाजारातल्या मेडिकलमधून पट्टी घरी येते आणि संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी सांगतं, ‘त्या गोळीनं शुगर लागते की!’ मग पट्टी डब्यात तशीच पडून राहते. शंका खोटी नाही, पण सांगितली जाते तेवढी मोठीही नाही. ती कुणाला किती लागू पडते, हे गोळीच्या डोसवर आणि तुमच्या आधीच्या शुगरवर ठरतं. म्हणून इथे पारख करायची आहे ती पट्टीवर बारीक अक्षरात छापलेल्या मूळ औषधाची आणि त्याच्या मिलिग्रॅमची. ठळक अक्षरातलं कंपनीचं नाव बाजूला ठेवू.

आधी निकाल. शुगर बॉर्डरवर आहे आणि हृदयाचा धोका मध्यम किंवा त्याहून जास्त आहे, अशा माणसाला अटोर्वास्टॅटिन १० हा सर्वात शहाणा सौदा. रोसुवास्टॅटिन ५ त्याच्या जवळपास, किंचित मागे. अटोर्वा ४० किंवा रोसुवा २० मुख्यतः अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पॅरालिसिसचा झटका होऊन गेलेल्यांसाठी. पिटावास्टॅटिन ‘शुगर न वाढवणारी’ म्हणून जादा पैसे मोजून घेण्यात हशील नाही. आणि पस्तिशीतला माणूस, तंबाखू नाही, बीपी नाही, घरात कुणाला लवकर अटॅक आलेला नाही, एलडीएल ११५, तर तूर्त यातलं काहीच नको. त्याचे पैसे चांगल्या बुटांवर आणि रोजच्या चालण्यावर खर्च व्हावेत.

‘बॉर्डर’ म्हणजे नेमकं काय, ते एकदा आकड्यात. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४. त्याच्या वर डायबेटिस, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शेजारच्या बाकावरचे कानडी लोक ज्याला ‘सक्करे कायिले’ म्हणतात ते. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशात सुमारे १० कोटी लोक डायबेटिसचे आणि १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवरचे निघाले.

आता गोळी शुगर किती वाढवते ते बघू. ही गोष्ट पहिल्यांदा चर्चेत आली २००८ च्या ज्युपिटर चाचणीतून. जवळपास १८ हजार माणसं, निम्म्यांना रोसुवा २०, निम्म्यांना रिकामी, म्हणजे औषधच नसलेली गोळी. डायबेटिस निघाला गोळीवाल्यांत २७० जणांना, रिकाम्या गोळीवाल्यांत २१६ जणांना. २०१० मध्ये १३ चाचण्या एकत्र करून ९१ हजार माणसांचा हिशेब मांडला गेला: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तर डायबेटिसचा एक जादा रुग्ण. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं पट्टीसोबतच्या कागदावर शुगर वाढण्याचा इशारा छापायला लावला. तेव्हा ‘कंपन्या लपवतात’ हा आरोप निदान या बाबतीत टिकत नाही. ते छापलेलं आहे, आपण वाचत नाही एवढंच.

सर्वात कामाचा आकडा २०२४ चा, बऱ्याच चाचण्या एकत्र करून काढलेला. त्यात डोसप्रमाणे वेगवेगळा हिशेब आहे. कमी आणि मध्यम डोसला (अटोर्वा १०, रोसुवा ५ यातच येतात) डायबेटिस निघण्याचं प्रमाण रिकाम्या गोळीपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त, म्हणजे वर्षाला १०० मागे १.२ च्या जागी १.३. मोठ्या डोसला (अटोर्वा ४०, रोसुवा २०) मात्र ३६ टक्क्यांनी जास्त. एचबीएवनसीची सरासरी वाढ किती? मध्यम डोसला ०.०६, मोठ्या डोसला ०.०८. आणि नव्यानं डायबेटिस निघालेल्यांपैकी ६२ टक्के लोक असे होते, ज्यांची शुगर सुरुवातीलाच सर्वात वरच्या चौथाईत होती. सरळ सांगायचं तर ६.४ वर उभ्या असलेल्या माणसाला गोळी हलकासा धक्का देते आणि तो ६.५ ची रेघ ओलांडतो. ५.३ वाल्याला तोच धक्का बसला तरी तो आहे तिथेच असतो. ज्युपिटरमधल्या ज्यांना डायबेटिस झाला, त्यांच्यात गोळीवाल्यांचं निदान सरासरी ५.४ आठवडे आधी झालं. दीड महिनाही नाही.

हे का होतं? स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवते. ज्या लोकांत हेच एन्झाइम जन्मजात थोडं मंद असतं, त्यांच्यातही एलडीएल कमी पण वजन आणि शुगर किंचित जास्त आढळते. म्हणजे हा परिणाम गोळीच्या मूळ कामालाच चिकटलेला आहे, एखाद्या कंपनीच्या भेसळीमुळे आलेला नाही. ब्रँड बदलून तो जाणार नाही. डोस कमी ठेवून मात्र कमी होतो.

आता वर सांगितलेल्या रिपोर्टचाच माणूस घ्या: वय ५४, बीपी आहे, निपाणीकडचा, तोंडात तंबाखू. समजा त्याला येत्या दहा वर्षांत अटॅक किंवा झटका येण्याची शक्यता १५ टक्के आहे. अटोर्वा १० नं एलडीएल साधारण ३७ टक्के उतरतो, म्हणजे १४८ वरून ९३ च्या आसपास, ५५ ची घट. दर ३९ च्या घटीमागे हृदयाचे मोठे त्रास पाचात एकानं, किंचित जास्तच, कमी होतात हे मोठमोठ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या हिशेबानं १५ चे ११ होतात. शंभर अशा माणसांत चौघे वाचले. दुसऱ्या पारड्यात: समजा या शंभरांपैकी ५० जणांना दहा वर्षांत तसाही डायबेटिस होणारच होता, तर गोळीनं ते होतील ५३. चार विरुद्ध तीन. वरवर पाहता बरोबरीच वाटते, आणि इथेच बरेच लोक फसतात. त्या तिघांचा ‘डायबेटिस’ म्हणजे ६.४ चा ६.५ झालेला आकडा आहे, जो चालण्यानं आणि ताटातल्या बदलानं परत मागे आणता येतो. त्या चौघांचा अटॅक मागे आणता येत नाही.

ज्यांचा हृदयाचा धोका १५ नाही, ३ टक्के आहे, त्यांच्यासाठी हाच हिशेब उलटा पडतो. तिथे शंभरात एखादाच वाचतो आणि दुसरं पारडं तेवढंच राहतं. म्हणून ‘सगळ्यांनी घ्या’ म्हणणारे आणि ‘कुणीच घेऊ नका’ म्हणणारे, दोघांशीही आमचं जमत नाही. अधलीमधली केस असेल तर हृदयाचा कॅल्शियम स्कोअर सीटी (हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) करून घ्यावा. शून्य आला, तंबाखू-सिगारेट नाही, डायबेटिस नाही आणि घराण्यात लवकर अटॅक नाहीत, तर गोळी काही वर्षं लांबवता येते. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, वारशानं येणारा कण) ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ती जास्त आली तर पारडं गोळीकडे झुकतं.

पट्टीतल्या औषधांचे गुणदोष आता. अटोर्वास्टॅटिन जुनी, सर्वत्र मिळणारी, जनऔषधीच्या दुकानातही असते, आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्तात बराच वेळ टिकते, त्यामुळे सकाळी घेतली काय, रात्री घेतली काय, फरक नाही. रात्रीच घ्यायचा नियम सिम्वास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनचा होता, तो उगाच सगळ्यांना चिकटला. दोष एकच, पण मोठा: इतर औषधांशी भांडते. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्ण उसळलं की इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिना महिना चालतात, कित्येकदा डॉक्टरला न विचारता. खानापूरकडच्या ओल्या हवेत तर विचारायलाच नको. इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असताना अटोर्वाचं रक्तातलं प्रमाण कित्येक पट चढतं आणि स्नायू विरघळायला लागू शकतात. मांड्या-दंड दुखणं आणि लघवी चहाच्या रंगाची होणं ही त्याची खूण. असा कोर्स सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारून अटोर्वा तेवढे दिवस बंद ठेवावी. पपनसाच्या जातीतलं ग्रेपफ्रूटही हाच उद्योग करतं, रोज ग्लासभर रस पिणाऱ्यांनी सांभाळावं.

रोसुवास्टॅटिन या भांडणातून बरीचशी सुटते, आणि मिलिग्रॅममागे ताकद जास्त. रोसुवा ५ म्हणजे साधारण अटोर्वा १० ते २०. पण आशियाई माणसाच्या रक्तात रोसुवाचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होतं, चिनी-जपानी लोकांत जवळपास दुप्पट, भारतीयांत त्याहून कमी पण तरी जास्तच. म्हणून आशियाई लोकांत सुरुवात ५ नं करावी असं औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. तरी सरसकट १० किंवा २० लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात. चिठ्ठीवर पहिल्यांदाच २० दिसली आणि अटॅकचा इतिहास नाही, तर ‘पाचापासून चालू करू का?’ असं विचारायला लाजू नका. कोरियात हृदयविकाराच्या ४,४०० रुग्णांत तीन वर्षं दोन्हींची तुलना झाली: हृदयाचा फायदा सारखा, पण औषध लागेल असा नवा डायबेटिस रोसुवावर ७.२ टक्के, अटोर्वावर ५.३ टक्के. आम्ही बॉर्डरवाल्यांसाठी अटोर्वाला वरचा क्रमांक देतो तो यासाठी. रोसुवाची आणखी एक खोड: ॲसिडिटीची पांढरी-गुलाबी पातळ औषधं, ज्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, ती सोबत घेतली तर गोळीचं शोषण निम्म्यावर येतं. आधी गोळी, मग दोन तासांनी ते औषध. मिरची-ठेच्याच्या मुलखात ही चूक फार होते.

पिटावास्टॅटिनचं काय? जपानी अभ्यासात तिनं बॉर्डरवाल्यांत डायबेटिस वाढवला नाही, उलट थोडा कमी दिसला, आणि त्यावर सगळा बाजार उभा राहिला. पण २०२३ मध्ये एचआयव्ही असलेल्या ७,७०० हून अधिक लोकांतली मोठी चाचणी आली: पिटावा ४ वर हृदयाचे त्रास ३५ टक्के कमी, नवा डायबेटिस मात्र ५.३ टक्के विरुद्ध ४.०. म्हणजे तीही त्याच माळेतली. अटोर्वानं खरंच स्नायू दुखत असतील तर पर्याय म्हणून चांगली, ‘शुगर-सेफ’ म्हणून नाही.

एलडीएल अजून उतरवायचा असेल तर डोस दुप्पट करण्याचा मोह टाळा. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल फक्त सहाएक टक्क्यांनी जादा उतरतो, आणि शुगरचा भुर्दंड मात्र वाढतो. त्याऐवजी अटोर्वा १० सोबत इझेटिमाइब १० जोडली तर जवळपास २० टक्के जादा घट मिळते. ती आतड्यात काम करते, शुगरला फारशी शिवत नाही. दोन्ही एकाच गोळीतही मिळतात.

एकत्र गोळ्यांवरून आठवलं, सर्वात जास्त डोळ्यात तेल घालून बघायची वस्तू म्हणजे ॲस्पिरिन आणि अटोर्वास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असलेली. ती अटॅक-स्टेंटवाल्यांची आहे. ‘शेजारच्या काकांना चालते, मला पण द्या’ म्हणून काउंटरवरून घेतली, तर हृदयविकार नसलेल्या माणसाच्या पोटात विनाकारण ॲस्पिरिन जाते आणि आतड्यातून रक्त जाण्याचा धोका पदरी येतो. पट्टी उलटी करून घटक वाचा. तसंच दुसरं: चिकोडी-निपाणीकडचे लोक हृदयासाठी मिरज-कोल्हापूरला दाखवतात आणि शुगरसाठी बेळगावला. दोन्हीकडून स्टॅटिन लिहून येते, ब्रँड वेगळे, रंग वेगळे, आणि माणूस दोन्ही गिळत बसतो. ब्रँडखालच्या बारीक अक्षरात ‘-स्टॅटिन’ हा शेवट दोन पट्ट्यांवर दिसला तर एक जादा आहे. दोन्ही पट्ट्या खिशात घालून डॉक्टरकडे जा, नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये करा: लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, एसजीपीटी (यकृताची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), टीएसएच (थायरॉइडची). टीएसएच उगाच नाही. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल तसाच चढलेला असतो आणि स्टॅटिननं स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. आधी थायरॉइडची गोळी, मग पुन्हा मोजणी, कधी कधी स्टॅटिनची गरजच उरत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर रिपोर्टवरचा हिशेबानं काढलेला एलडीएल भरवशाचा नसतो, थेट मोजून घ्यावा.

हिमोग्लोबिनही तसंच. लोह कमी असलेल्या बाईचा एचबीएवनसी खोटा वर दिसतो. अशक्तपणा असताना ६.२ आलेला आकडा लोहाच्या गोळ्यांनंतर ५.८ होऊ शकतो, शुगरमध्ये काहीही न बदलता. अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी खरी मानावी.

आता सर्वात जास्त होणारी फसगत. गोळी सुरू केली, तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.१ चा ६.३ आला, ‘बघा, वाढली!’ म्हणून गोळी बंद. पण गोळीमुळे होणारी सरासरी वाढ ०.०६, लॅबच्या मोजणीतच ०.२ चा फरक सहज पडतो. त्यातून पहिली तपासणी श्रावणात आणि दुसरी दिवाळीनंतर झालेली असेल, तर मधल्या मोदकांचा, करंज्यांचा आणि पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्याचा हिशेब कोण देणार? एचबीएवनसी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे तपासणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करावी. ०.५ ची वाढ असेल तर गोळीआधी वजन, चालणं, स्टेरॉइडची एखादी गोळी किंवा गुडघ्यातलं इंजेक्शन शोधा. गुळाचा चहाही शोधा. गूळ म्हणजे साखरच, उसाच्या पट्ट्यात हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

लिपिड पुन्हा बघायचं चार ते बारा आठवड्यांनी. एलडीएल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरलेला दिसला पाहिजे. १४८ चा १४० झाला असेल तर दोष गोळीचा असण्यापेक्षा पट्टी डब्यातच राहिल्याचा संशय आधी घ्यावा. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही. मर्यादेबाहेर थोडीशी गेलेली एसजीपीटी बॉर्डरवाल्यांत बहुधा यकृतातल्या चरबीची असते, आणि ती स्टॅटिन बंद करण्याचं कारण नव्हे.

अंग दुखतं ही तक्रार खरी असते, पण गोळीनंच दुखतं का, हे वेगळं. २०२० मध्ये इंग्लंडात एक छान प्रयोग झाला: ज्यांनी दुखतं म्हणून गोळी सोडली होती अशा ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही. गोळीवर झालेल्या त्रासातला ९० टक्के त्रास रिकाम्या गोळीवरही झाला. म्हणून ठरवून बघावं: डॉक्टरला सांगून दोन-तीन आठवडे बंद, त्रास जातो का, पुन्हा सुरू, त्रास परत येतो का. दोन्ही बाजूंना सारखेच दुखणारे मोठे स्नायू आणि दहापट चढलेला सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी), हे मात्र लगेच थांबण्याचं कारण. गर्भ राहिला असेल किंवा राहावा असं ठरत असेल, तर डॉक्टरला सांगून गोळी बंद.

शुगर खाली ठेवणारं खरं औषध वेगळंच आहे. आपल्याकडच्याच बॉर्डरवाल्या ५३१ लोकांवर झालेल्या, २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात काहीही न केलेल्यांपैकी ५५ टक्के तीन वर्षांत डायबेटिसमध्ये गेले. चालणं आणि आहार सांभाळल्यानं ते प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. स्टॅटिनच्या दहा टक्के धक्क्यापुढे ही ढाल बरीच जाड आहे. रोज अर्धा तास इतकं चालायचं की बोलता येईल पण गाता येणार नाही, कंबर पुरुषाची ९० सेंमीच्या आत आणि बाईची ८० च्या आत, रात्रीच्या भाताचं वाटप अर्धं करून त्या जागी ज्वारीची भाकरी आणि उसळ. बासमतीचा वास घरभर सुटला तरी वाटी एकच. तंबाखू सोडणं यात का नाही, असं विचाराल. ते शुगरपेक्षा हृदयाचं काम आहे आणि ते केल्याशिवाय बाकी हिशेब मांडण्यातही अर्थ नाही.

आणि एवढं करूनही एक दिवस ६.५ आला तर? पुष्कळ लोक त्याच दिवशी स्टॅटिन सोडतात, ‘हिनंच केलं’ म्हणून. नेमकं उलटं करायचं असतं. चाळिशीपुढच्या डायबेटिसच्या रुग्णाला एलडीएल फार नसला तरी मध्यम डोसची स्टॅटिन द्यावी असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. २००४ मध्ये डायबेटिसवाल्या २,८०० हून अधिक रुग्णांत हीच अटोर्वा १० दिली तेव्हा हृदयाचे मोठे त्रास ३७ टक्के कमी झाले होते. त्या भेटीत गोळी तीच ठेवून तीन गोष्टी चिठ्ठीवर वाढवून घ्या: लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन (मूत्रपिंडातून झिरपणारं प्रथिन), डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि तळपायाची संवेदना.